एकाच देशाचे दोन आकडे: २५.५ आणि ६२

एप्रिल २०२५ मध्ये जागतिक बँकेने भारतातल्या गरिबीवर एक छोटंसं टिपण काढलं. त्यात म्हटलं होतं की भारताचा गिनी निर्देशांक २०११-१२ मध्ये २८.८ होता, तो २०२२-२३ मध्ये २५.५ वर आला. गिनी जितका कमी तितकी विषमता कमी. जुलैत सरकारी पत्रक निघालं: स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूसनंतर भारत हा जगातला चौथा सर्वांत समान देश. अमेरिका ४१.८, चीन ३५.७, आपण २५.५.

बातमी वाचून अनेकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं असेल आणि परत बातमीकडे.

गंमत म्हणजे त्याच टिपणात दुसरा एक आकडाही होता. जागतिक विषमता माहितीसंचाच्या अंदाजानुसार भारतातल्या उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता आणि २०२३ मध्ये ६२ झाला. म्हणजे विषमता घटली नाही, चांगलीच वाढली. ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याने उचलला.

यातला एक आकडा खोटा असला पाहिजे असं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही आकडे आपापल्या जागी नीट काढलेले आहेत. एकाने वजन केलंय, दुसऱ्याने उंची मोजलीय, आणि आपण भांडतोय की माणूस "केवढा" आहे. गरिबी असो वा विषमता, आकडा हातात आला की आधी विचारायचं: नेमकं काय मोजलं, कुणाला विचारून, आणि कुठल्या खुणेपर्यंत? खुणेपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून झाली आहेत.

रेषा कुणी आखली?

दारिद्र्यरेषा म्हणजे खर्चाची अशी एक पातळी, जिच्याखाली असलेल्या माणसाला मोजणारा "गरीब" म्हणतो. ती निसर्गात कुठे सापडत नाही, कुणीतरी बसून आखावी लागते. दादाभाई नौरोजींनी हे काम फार लवकर केलं. १८६७-६८ च्या किमती धरून, जेमतेम जगण्याइतक्या खाण्यापिण्याला माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात असा हिशेब त्यांनी मांडला. इंग्लंडमध्ये सीबोम राउन्ट्रीने यॉर्क शहरातल्या गरिबीची गाजलेली पाहणी केली ती १८९९ साली, म्हणजे बरीच नंतर.

स्वातंत्र्यानंतर हिशेब उष्मांकावर आला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० कॅलरी हा निकष धरला. १९७९ मध्ये अलघ कार्यगटाने खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० असं ठरवलं. मग इतक्या कॅलरी पोटात जाणारी कुटुंबं एकूण किती खर्च करतात ते पाहायचं, ती झाली रेषा. पुढची वर्षं महागाईप्रमाणे ती वर सरकवत न्यायची.

यात एक मेख होती. किमती बदलल्या तशी जगण्याची रीतही बदलली. शाळेची फी, औषधपाणी, कामावर जायचं भाडं हे खिशातून जाऊ लागलं, आणि रेषा मात्र जुन्या खर्चाच्या सवयींना बांधलेली राहिली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकाचा खुंटा सोडला आणि शिक्षण-आरोग्यावरचा खर्चही हिशेबात धरला. २०११-१२ साठी तिची रेषा होती खेड्यात महिना ८१६ रुपये, शहरात १,००० रुपये, दरडोई. त्यानुसार देशात २१.९ टक्के लोक गरीब ठरले, म्हणजे सुमारे २७ कोटी.

"बत्तीस रुपयांत कोण जगतं?"

२०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात रोजचे २६ रुपये खेड्यासाठी आणि ३२ रुपये शहरासाठी, असा आकडा होता. देशभर संतापाची लाट उसळली.

त्या संतापात एक गोष्ट हरवली: हा आकडा माणशी आहे, आणि त्या माणसांत तान्हं मूलही येतं. तेंडुलकर रेषेने पाच जणांच्या कुटुंबाला शहरात महिन्याला ५,००० आणि खेड्यात ४,०८० रुपये, असं सांगितलं असतं तर निम्मा गदारोळ झाला नसता. पण उरलेला निम्मा योग्यच होता. अर्थतज्ज्ञ म्हणतात, रेषा ही फक्त मोजणीची खूण आहे, इतक्यात भागवा असा सल्ला नव्हे. ठीक आहे. पण स्वस्त धान्याचे लाभार्थी किती ठरवायचे, हे त्याच मोजणीला बांधलं गेलं होतं. खुणेवर कुणाच्या ताटातलं धान्य अवलंबून असेल तर ती नुसती खूण राहत नाही.

पुढे रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा वर नेली: खेड्यात ९७२, शहरात १,४०७. तेच वर्ष, तेच लोक, पण आता गरीब २९.५ टक्के, सुमारे ३६ कोटी. एका अहवालाने नऊ कोटी माणसं गरीब झाली, आणि त्यातल्या एकाच्याही घरात त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं.

कारण सोपं आहे. लोक पायऱ्यांवर समान अंतरावर उभे नसतात. रेषेच्या आसपास दाटीवाटी असते, म्हणून ती जराशी हलली की कोट्यवधी लोक अलीकडचे पलीकडे होतात. आजही तेच. जागतिक बँकेच्या रोजच्या ३ डॉलरच्या रेषेवर २०२२-२३ मध्ये भारतात ५.३ टक्के गरीब दिसतात, साडेसात कोटी. भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्न देशांसाठी बँकेचीच दुसरी रेषा आहे ४.२० डॉलरची. तिच्यावर हेच प्रमाण २३.९ टक्के होतं. सव्वा डॉलरपेक्षाही कमी अंतरात देशाची सुमारे अठरा-एकोणीस टक्के माणसं उभी आहेत. एक मोठं आजारपण त्यांना किती खाली नेईल, हे "५.३" या आकड्यातून कळत नाही.

तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये ना?

नाही, आणि इथे बहुतेक जण फसतात. हा बँकेत मिळणारा डॉलर नव्हे. केशकर्तनालयात केस कापायला अमेरिकेत जे पैसे लागतात, त्याच्या कितीतरी कमी पैशांत ते काम इथे होतं. मग दोन देशांतल्या माणसांची राहणी ताडून पाहायची तर चलनाचा बाजारभाव उपयोगाचा नाही. त्याऐवजी विचारायचं: अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढं येतं तेवढंच इथे घ्यायला किती रुपये लागतील? या दराला क्रयशक्ती समता म्हणतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मोजणीत तो दर डॉलरला २०.६५ रुपये निघाला, जेव्हा बाजारात डॉलर ६५ रुपयांना होता. म्हणजे या रेषेतला डॉलर बाजारातल्या डॉलरच्या जेमतेम एक तृतीयांश.

ही रेषा १९९० मध्ये "रोज एक डॉलर" म्हणून सुरू झाली. मग १.२५, १.९०, २.१५, आणि जून २०२५ पासून ३ डॉलर. ती येते कुठून? जगातल्या सर्वांत गरीब देशांनी आपापल्यासाठी आखलेल्या रेषा गोळा करायच्या, चढत्या क्रमाने मांडायच्या आणि बरोब्बर मधली उचलायची. या वेळची मोठी उडी महागाईमुळे कमी आणि त्या देशांनी स्वतःच्या रेषा वर नेल्यामुळे जास्त आली. जगातले अतिगरीब त्यामुळे ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटी झाले. वाढ याहून मोठी, २२ कोटींच्या वर झाली असती, पण भारताची नवी आकडेवारी आली आणि तिने ती खाली खेचली.

भारताची आकडेवारी एवढी बदलली कशी? याच्या उत्तरात लोकांची प्रगती आहेच, पण प्रश्नावलीही आहे.

मागच्या महिन्यात तेल किती लागलं?

जरा थांबून आठवून बघा. गेल्या तीस दिवसांत घरात भाजीवर किती खर्च झाला? आता गेल्या सात दिवसांत किती झाला ते आठवा आणि चारने गुणा. दोन उत्तरं बहुधा जुळणार नाहीत, आणि दुसरं मोठं निघेल. महिन्याभरातली दोन-तीन किरकोळ खरेदी आपण हमखास विसरतो. उलट कपडे, चपला, शाळेची फी यांचं: गेल्या महिन्यात काहीच घेतलं नसेल तर खर्च शून्य, पण वर्षाचं विचारलं तर दिवाळीची खरेदी लगेच आठवते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे लोक घरोघर जाऊन हेच विचारतात. जुन्या पद्धतीत सगळ्याच वस्तूंबद्दल तीस दिवसांचं विचारलं जाई. नव्या पद्धतीत भाजी, फळं, तेल, अंडी, मासे यांबद्दल सात दिवसांचं, कपडे-शिक्षण-टिकाऊ वस्तूंबद्दल वर्षाचं, बाकीचं तीस दिवसांचं. फरक किती पडावा? जागतिक बँकेने २०१५ मध्ये २०११-१२ चाच हिशेब तेव्हाच्या १.९० डॉलरच्या रेषेवर दोन्ही पद्धतींनी मांडला. जुन्या पद्धतीने गरीब २१.२ टक्के, नव्या पद्धतीने १२.४ टक्के. आठवायचा कालावधी बदलला आणि जवळपास नऊ टक्के भारत रेषेच्या वर आला.

नवी पद्धत जास्त बरोबर आहे असं माझं मत आहे, कारण विस्मरणाला गरिबी म्हणण्यात अर्थ नाही. पण मग जुन्या पद्धतीचा २०११-१२ चा आकडा आणि नव्या पद्धतीचा २०२२-२३ चा आकडा शेजारी ठेवून "बघा किती घट" म्हणू नये. जागतिक बँक दोन्ही वर्षं नव्या पद्धतीने धरते आणि तरीही ३ डॉलरवर गरिबी २७.१ वरून ५.३ टक्क्यांवर आलेली दिसते. घट खरी आहे आणि मोठी आहे. मात्र २०२२-२३ ला आणखी एक बदल झाला: पूर्वी एकाच भेटीत सगळं विचारत, आता खाद्यपदार्थ, रोजच्या वापराच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांसाठी वेगवेगळ्या तीन भेटी. न कंटाळलेला माणूस जास्त आठवतो. घटीतला किती वाटा या बदलाचा, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. २०१७-१८ चं सर्वेक्षण सरकारने दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच केलं नाही, त्यामुळे मधला दुवाही नाही.

रेषेखाली किती जण, की किती खाली?

समजा रेषा १०० ची आहे आणि पाच माणसं अनुक्रमे ३०, ६०, ९५, ९८ आणि ४०० खर्च करतात. पाचांतले चार गरीब. आता पहिल्याकडून ५ काढून तिसऱ्याला द्या. तिसरा १०० वर पोचला, गरीब उरले तीन. सर्वांत गरीब माणसाचं ओरबाडून गरिबी कमी झाली!

नुसती डोकी मोजण्यातला हा दोष अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिला. म्हणून अर्थतज्ज्ञ दरीही मोजतात: प्रत्येक गरीब रेषेपासून किती खाली आहे, ते. त्याहून कडक मोजमापात जो जास्त खाली त्याची दरी जास्त वजनाने धरतात. वर्तमानपत्रांत मात्र डोकीच येतात. योजना राबवणाऱ्यालाही ९५ वाल्याला वर काढणं सोपं आणि मोजणीत दिसणारं. ३० वाल्यासाठी वर्षानुवर्षं खपलं तरी टक्का हलत नाही.

आता गिनी

कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे माप दिलं. पुस्तकांत ते वक्ररेषेच्या आकृतीने शिकवतात, पण त्याशिवायही समजतं.

पाच जणांचं उत्पन्न १०, २०, ३०, ४० आणि १००. पाच चिठ्ठ्या डब्यात टाका. एक काढा, आकडा पाहा, परत टाका, पुन्हा एक काढा. दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवा. असं पुष्कळदा केलं तर सरासरी फरक ३२ येतो. पाच जणांचं सरासरी उत्पन्न आहे ४०, त्याची दुप्पट ८०. ३२ भागिले ८० म्हणजे ०.४०. हाच गिनी. शंभराने गुणून ४० म्हणतात. सगळे सारखे असते तर फरकच नसता, गिनी शून्य. सगळं एकाच्याच हाती असतं तर, माणसं भरपूर असताना, गिनी शंभराला भिडला असता.

आता त्याच पाच जणांचं उत्पन्न सोडा, खर्च पाहा. १० मिळवणारा उसनवारी करून १२ खर्चतो. २० वाल्याचे सगळे संपतात. ३० वाला २८, ४० वाला ३२ खर्चून थोडे मागे टाकतो. १०० वाला कितीही चैनीत राहिला तरी ५० खर्चतो, उरलेले ५० जमीन, सोनं, शेअरमध्ये. या खर्चाचा गिनी काढा: साधारण २५.

माणसं तीच, महिना तोच. उत्पन्न मोजलं तर ४०, खर्च मोजला तर २५.

भारताचे २५.५ हे खर्चाचं माप आहे. अमेरिकेचे ४१.८ हे उत्पन्नाचं, आणि युरोपातल्या बहुतेक देशांचंही उत्पन्नाचंच. "जगात चौथा" ही क्रमवारी वजन आणि उंची एकाच यादीत घालून केलेली आहे. खर्च मोजणं चूक नाही. ज्या देशात बहुतेकांना पगारपत्रकच नाही, शेतकऱ्याला एका हंगामाचं मिळतं आणि दुसऱ्याचं बुडतं, तिथे राहणीमान कळायला खर्च हेच भरवशाचं माप. चूक आहे ती यादीत.

मोठ्या बंगल्याचं फाटक

खर्चाच्या सर्वेक्षणाला दुसरी मर्यादा आहे. २०२२-२३ मध्ये २,६१,७४६ कुटुंबांना विचारलं गेलं. नमुना मोठा आहे, पण देशातले अतिश्रीमंत इतके थोडे की ते चिठ्ठीत येणं अवघड. आले तरी सर्वेक्षकाला फाटकावरचा रखवालदारच भेटण्याची शक्यता जास्त. झोपडीचं दार उघडंच असतं. म्हणून जगभर सर्वेक्षणांत वरचं टोक तोकडं पडतं.

हे टोक पाहायला आयकराची आकडेवारी वापरतात. नितीन भारती, लुकास शांसेल, तोमा पिकेती आणि अनमोल सोमंची यांनी २०२४ मध्ये अशा हिशेबाने सांगितलं की २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातले २२.६ टक्के आणि संपत्तीतले ४०.१ टक्के होते. ६२ चा गिनी याच घराण्यातला.

या आकड्यालाही लंगडी बाजू आहे. आयकर भरणारे आपल्याकडे थोडे, त्यामुळे बाकीच्यांचं उत्पन्न सर्वेक्षणांवरून आणि गृहीतकांवरून बसवावं लागतं. शिवाय हे कर कापण्यापूर्वीचं उत्पन्न आहे, सरकारने गरिबाला काय दिलं ते त्यात पुरतं उतरत नाही. वरच्या टोकाबद्दल मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवीन, खालच्या निम्म्याबद्दल खर्चाच्या सर्वेक्षणावर.

फुकट धान्य धरलं का?

धरूनही हिशेब केला आहे. २०२२-२३ मध्ये दरडोई मासिक खर्च खेड्यात ३,७७३ आणि शहरात ६,४५९ रुपये होता. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत त्यात मिळवली की ३,८६० आणि ६,५२१. सरासरीत फरक किरकोळ, पण रेषेजवळच्या माणसाला ८७ रुपयेही अलीकडून पलीकडे नेऊ शकतात. सरकारी दवाखाना आणि शाळा यांची किंमत मात्र यात धरलेली नाही.

पैसा आहे, पण नळ नाही

सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांची पद्धत पैसा बाजूला ठेवते. घरात पोषण आहे का, मुलं शाळेत जातात का, पाणी, शौचालय, वीज, स्वयंपाकाचं इंधन आहे का, हे तपासायचं. वजनाने एक तृतीयांश गोष्टींची वानवा असेल तर ते घर बहुआयामी गरीब. निती आयोगाने यात माता-आरोग्य आणि बँक खातं मिळवून बारा निकष केले. त्यांच्या हिशेबात हे प्रमाण २०१५-१६ ला २४.८५ टक्के होतं, २०१९-२१ ला १४.९६ टक्के.

यात एक शंका रास्त आहे. बँक खातं उघडलं की एक निकष पार, खात्यात पैसे असोत वा नसोत. वस्तू असणं आणि ती वापरात असणं यांत अंतर असतं. पण पैशाच्या रेषेला न दिसणारी गोष्ट, उदाहरणार्थ दूरवरून आणावं लागणारं पाणी, इथे दिसते.

आणि एक गोष्ट यातल्या कुठल्याच मापाला दिसत नाही. सगळी मापं घराच्या दारापाशी थांबतात. घराचा एकूण खर्च माणसांनी भागला की झालं दरडोई. ताटात कुणाच्या किती पडलं, शिकायला कुणाला पाठवलं, याची नोंद नाही. कागदावर नवरा, सासू आणि सून सारख्याच गरीब.

मग आज भारतात गरीब किती?

जागतिक बँकेच्या ३ डॉलरवर ५.३ टक्के, ४.२० वर २३.९ टक्के, निती आयोगाच्या बारा निकषांवर १४.९६ टक्के. आपली स्वतःची अधिकृत दारिद्र्यरेषा विचाराल, तर शेवटची तेंडुलकरांची. रंगराजन समितीचा अहवाल सरकारने स्वीकारला नाही, नियोजन आयोग गुंडाळला गेला, आणि त्यानंतर नवी रेषा कुणी आखलेली नाही. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांची खर्चाची आकडेवारी आज हाताशी आहे. त्या रेषेवरचं शेवटचं सरकारी उत्तर मात्र अजून २०११-१२ चंच आहे: २१.९ टक्के.